तंबूला प्लग आहे

आज पहाटे उठले आणि पंखा बंद केला. लालबागच्या आमच्या खोलीत पंखा बंद करायचे दिवस वर्षातून आठ-दहाच. संक्रांतीच्या मागेपुढे येतात आणि कळायच्या आत निघून जातात. पंखा थांबला की खोली एकदम मोठी वाटते. त्या घरघरीखाली दबलेले बारीक आवाज हळूहळू वर येतात. पलीकडच्या काकूंच्या बांगड्या, मोरीतला गळका नळ, आणि यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, श्वास. मी अंथरुणातच बसून राहिले. घराबाहेर अशी शांतता मी एकदाच ऐकली होती. तीन वर्षांपूर्वी, याच महिन्यात, एका तंबूत.

तंबू म्हटलं की अजून मला त्याचा रंग आधी आठवतो. बाहेरून तो साधा मातकट पिवळा. पण सकाळी ऊन पडलं की आतून असा उजळायचा, जणू आपण पिकलेल्या पपनसाच्या आत बसलोय. हात पिवळे, पांघरुणं पिवळी, चहाच्या कपातली वाफसुद्धा पिवळी. वारा आला की कापड फुगायचं, मग सुटायचं. भिंत श्वास घेते हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

पण आम्ही तिथे पोहोचलो त्याची गोष्ट हातापासून सुरू होते.

हे मंडपाचे वायरमन. चाळीस वर्षं गिरणगावातल्या मंडपांना यांनी लाईट दिली. गणपती, नवरात्र, जयंतीच्या सभा, चाळीच्या अंगणातली लग्नं. रस्त्यावरून चालताना लोक यांना नावाने नाही, "ओ वायरमन" म्हणून हाक मारायचे. मला मात्र यांनी घरात कधी प्लगला हात लावू दिला नाही. बटण दाबायचं तेवढं. पिन खुपसायची असली, काढायची असली, तर "थांब, मी येतो." मी टेस्टर द्यायचा, पक्कड द्यायची, स्टूल धरायचं. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या गावात विजेचे खांब नुसते उभे होते, तारा यायच्या होत्या. मला त्या सगळ्याची भीतीच वाटायची, त्यामुळे यांचं म्हणणं मला बरंच होतं.

त्याच्या आधीच्या श्रावणात एका सकाळी यांच्या हातातून चहाची बशी पडली. अर्धांगाचा झटका. पाय काही दिवसांनी ताळ्यावर आला, बोलणंही आलं. उजवा हात नाही आला. बोटं आत वळून राहिली, झोपलेल्या लेकरासारखी. महिन्याभराने गणपती. आमच्या खिडकीखालीच मंडप पडतो. त्या वर्षी तिथे दुसऱ्या कोणीतरी तोरणं चढवली आणि यांनी खिडकी लावून घेतली. दहा दिवस लावलेलीच. फटीतून लाल-निळा उजेड छतावर यायचा, तर हे भिंतीकडे तोंड करून निजायचे.

दिवाळीत आमची ट्यूब गेली. शेजारचा माणूस येऊन बदलून गेला. तो स्टुलावर चढला तेव्हा हे उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभे राहिले. मला बाहेर पाण्याचा आवाज येत होता. तो गेल्यावर बाहेर आले आणि म्हणाले, "माझा झाला आता." एवढंच. मला त्या तीन शब्दांची जेवढी भीती वाटली तेवढी दवाखान्यातही वाटली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हाताला गरम शेक द्या, व्यायाम द्या, पण मुख्य म्हणजे माणसाला वाटलं पाहिजे की आपण अजून कामाचे आहोत. ते कुठल्या दुकानात मिळतं ते त्यांनी सांगितलं नाही.

आमची प्राजू वडाळ्याला असते. ती आणि जावई अमोल, दोघांनी मिळून ठरवलं की बाबांना बाहेर काढायचं. कुठे काढायचं? जिना उतरले की चार माणसं विचारणार, "वायरमन, हात काय म्हणतो?" म्हणून जिथे कोणी ओळखत नाही असं ठिकाण. मावळात धरणाच्या पाण्याकाठी तंबू असतात, तिथे दोन दिवस.

"माका खंय जावचा नाय," हे म्हणाले. मालवणीत बोलले की समजायचं, विषय संपला.

"बाबा, ऐका तर," प्राजू म्हणाली. "तुमचा शेकायचा पट्टा लावता येईल. तंबूला प्लग आहे."

"कशाला आहे?"

"तंबूला. प्लग."

यांनी मान वर केली. श्रावणापासून पहिल्यांदा तोंडाचा एक कोपरा हलला. "अगो, आयुष्यभर मी तंबूक लाईट दिली. आता म्हातारपणी तंबू माका लाईट देतलो?"

तेवढ्या हसण्यावर आम्ही यांना गाडीत बसवलं.

पहिल्यांदाच जाणाऱ्या माणसांनी काय काय न्यावं याची यादी अमोलने मोबाईलवरून वाचून दाखवली होती. पण प्लग आहे म्हटल्यावर आम्हा बायकांचा धीर वाढला. मी आणि प्राजूने काय घेतलं नाही ते विचारा. इंडक्शनची शेगडी, पाण्याची किटली, यांचा शेकायचा पट्टा, आणि चटणी ताजी हवी म्हणून मिक्सर. मिक्सर बघून नात ईशा गाडीत खिदळत सुटली. "आज्जी, आपण पिकनिकला चाललोय की शिफ्ट होतोय?" शिवाय वायर लागेल म्हणून मी माळ्यावरून पक्कड, पेचकस, ब्लेड आणि यांच्या वायरचं एक वेटोळं काढलं, एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला बोर्ड. यांना न विचारता. सुतळीने बांधलेलं, गाठ यांची. गाडीत ते वेटोळं ठेवताना हे नुसतं बघत राहिले. मला वाटलं, चूक केली.

तिथे पोहोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. पाणी इतकं निश्चल की डोंगर दोन दिसत होते. एक उभा, एक पालथा. गवत वाळलेलं, त्याला गोडसर वास. आणि काठाने ओळीने तंबू. टोकाला सामाईक न्हाणीघर, त्याच्या शेजारी एकच नळ, नळापाशी बादल्यांची रांग. शेजारच्या तंबूतलं माणूस खोकलं की आपल्या कानात खोकल्यासारखं. कोणाची भाजी करपली ते सगळ्या ओळीला कळत होतं. हे खाटेवर टेकले, इकडे-तिकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढे लांब इलंव, तर हय पण चाळच!"

खरंच होतं. मला परकं वाटेल अशी मला धास्ती होती. अनोळखी माणसांत माझं तोंड उघडत नाही. दुकानातही मी बोटाने दाखवते. पण त्या कापडी चाळीत मी दहा मिनिटांत नळावरून बादली भरून आणली आणि पुढच्या बाईला जागाही करून दिली. तिथले राखणदार नामदेवमामा, जवळच्याच गावचे, डोक्याला मफलर गुंडाळलेले. त्यांनी दोन तंबूंच्या मध्ये लोखंडी खांबावरची पेटी उघडून दाखवली. आत प्लगची जागा, वर झाकण. "इथनं घ्या लाईट. झाकण लावून घेत जा, दव लई पडतंय," म्हणाले आणि गेले.

अमोलने वेटोळ्यातून लागेल तेवढी वायर ओढली, पिन पेटीत खुपसली, आणि उरलेलं वेटोळं जसंच्या तसं तंबूत आणून खाटेखाली, चटईच्या आड सारलं. कोणाच्या पायात यायला नको. आम्हा चाळीतल्या माणसांना यात काही चूक दिसलीच नाही. दहा बाय बाराच्या खोलीत वीस मीटर वायर कोणी कधी पसरली आहे? आमच्याकडे लांब वस्तू ही गुंडाळूनच ठेवायची असते. चटई, गादी, दोरी, वायर. अख्खं मोकळं करायला जागा लागते.

शेगडीवर मी भात ठेवला. किटली लावली. यांच्या हाताला पट्टा गुंडाळला. अमोल, प्राजू आणि ईशा पाण्याकडे गेली होती. कापडाबाहेर संध्याकाळ निळी होत होती. कुठेतरी टिटवी ओरडत होती. भाताला उकळी फुटली, तो वास, आणि त्या वासाच्या मागे दुसरा एक वास. मला आधी कळला नाही. यांना कळला. नाक वर करून हे क्षणभर थांबले आणि मग असे ओरडले की शेजारचा तंबू गप्प झाला.

"बंद कर! सगळा बंद कर!"

उठायला गेले, तर उजवा हात पट्ट्यात गुंडाळलेला. डावा टेकायला गेला तो खाटेच्या कडेवरून निसटला. मी यांना धरायला धावले.

"माका नको धरू. स्विच बंद कर. आणि भायर जाऊन पिन काढ."

"मी?"

"दुसरा कोण हा हय?"

मी बटणं बंद केली. बाहेर खांबापाशी गेले. पिन दिसत होती. माझा हात तिच्यापर्यंत जाऊन थांबला. तंबूतून यांचा आवाज आला, आता अगदी हळू, मंडपात शिडीवरच्या माणसाशी बोलायचे तसा. "चपला हत पायात? हात कोरडो? मग प्लास्टिकाक धर. वायरीक नको. सरळ ओढ." मी ओढली. आली. केवढीशी ती वस्तू, चाळीस वर्षं मी तिला भ्यायले.

मग आत येऊन खाटेखालचं वेटोळं ओढलं. नुकत्याच भाजलेल्या भाकरीइतकं गरम. आतल्या फेऱ्यांचं रबर मऊ पडून एकमेकांना चिकटायला लागलं होतं. वर चटई, बाजूला कापडाची भिंत, वाळलेलं गवत. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. काय होऊ शकलं असतं ते दोघांनाही कळलं.

मग हे म्हणाले, "ही वायर तोरणाची. शेगडीची न्हय. आणि वेटोळ्यात ठेवलंस तर तिका उष्मो सोडूक जागा खंय? उलगड. सगळी उलगड."

मी ती वायर घेऊन बाहेर पडले. तंबूपासून खांबापर्यंत, खांबाला वळसा घालून गवतात पुढे, पाण्याच्या दिशेने. चालत गेले आणि ती माझ्यामागे सुटत गेली. इतकी मोकळी जागा, इतकी लांब वायर, आणि माझ्या हातातून फेऱ्या एकेक करून उतरत होत्या. मला उगाच गावची आठवण झाली. तिथे खळ्यात मी सुंभाची दोरी अशीच पसरायची, आजोबा वळायचे, मी मागे मागे सरकत जायची. किती वर्षांत मी एका दिशेने इतकी पावलं चाललेच नव्हते. घरात चार पावलांवर वळावं लागतं.

परत आले तेव्हा हे तंबूच्या दाराशी येऊन बसले होते. "आता बोटात धरून चाचप. मऊ लागता थयसून काप." मी चाचपत आले. तंबूकडच्या टोकाला, बोर्डाजवळ, पाच-सहा हात वायर मऊ होती. ती पकडीने कापली. मग बोर्ड उघडायचा, तीन तारा सोलायच्या, तीन जागी बसवायच्या. हे सांगत होते आणि मी करत होते. हिरवी कुठे, लाल कुठे, काळी कुठे. ब्लेड किती दाबायचं. तांब्याचे केस सुटे राहिले तर पिळून घ्यायचे. माझा डावा हात सारखा मध्ये येत होता, तर मी चुकून जुनंच बोलून गेले. हे मंडपात नव्या पोरांना जे दरवर्षी बजावायचे, मी डबा घेऊन गेले की कानावर पडायचं ते.

म्हटलं, "तुम्हीच सांगायचात ना पोरांना, पेटीपाशी उभा राहिलास की एक हात पाठीमागे ठेव. विजेचं काम एका हाताने करायचं."

बोलले आणि जीभ चावली. हे माझ्याकडे नाही, स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. पट्टा सुटून लोंबत होता. बोटं नेहमीसारखी मिटलेली. पाण्यावरचा उजेड पार विझत आला होता. मग हे खूप हळू म्हणाले, "सांगायचो खरा." आणि तो हात डाव्या हाताने उचलून स्वतःच्या पाठीमागे नेऊन ठेवला. तसेच ताठ बसले. "हां. बोल. लाल तार खंय घातलंस?"

प्राजू, अमोल, ईशा आली तेव्हा मी स्क्रू आवळत होते. अमोल दारातच थबकला. "आई, तुम्ही?"

"तिका मधीच बोलवू नको," हे म्हणाले. "काम चालू आसा."

शेवटी पिन पेटीत लावायची वेळ आली. यांनी खांबापाशी वायर खाली झोक्यासारखी सैल सोडायला सांगितलं. दव वायरीवरून ओघळतं, ते झोक्याच्या तळाशी येऊन टपकावं, प्लगात शिरू नये. पाण्याला खाली उतरायला वाट ठेवायची. बोर्ड गवतावर नको, खाटेच्या पायाला उंच बांधायचा. मी एक हात पाठीमागे ठेवला, दुसऱ्या हाताने पिन लावली, बटण दाबलं. तंबूत दिवा लागला. बाहेरून तो तंबू असा दिसला की मी तिथेच उभी राहिले. पिवळा, भरलेला, आत माणसांच्या सावल्या. ईशाने टाळ्या वाजवल्या तर शेजारच्या तंबूतूनही टाळ्या आल्या. मी पदर तोंडाला लावला. भात अर्धा कच्चा राहिला होता. नामदेवमामांनी चुलीवर तो शिजवून दिला. त्या भाताला धुराचा वास होता. मिक्सर काही पिशवीतून बाहेर निघाला नाही.

सकाळी मला जाग आली तेव्हा खाट रिकामी. दाराची चेन उघडून बाहेर पाहिलं, तर सगळं पांढरं. पाणी नाही, डोंगर नाही, नुसतं धुकं. आणि त्या धुक्यात खांबापाशी दोन माणसं. नामदेवमामांचा मफलर मी ओळखला. दुसरे हे. उजवा हात पाठीमागे. डाव्या हातात टेस्टर. कधी घेतला होता पिशवीत, मला माहीत नाही.

"ह्या पेटीचा अर्थिंग सुटला हा, मामा," हे सांगत होते. "लोकांची पोरां खेळतत हय."

"मग बघा की जरा सगळ्या पेट्या," नामदेवमामा म्हणाले. "आमचा वायरमन तालुक्याहून येतो, तेव्हा येतो."

"बघूया. पण माझो माणूस उठाक होयो." मग वळून मला बघितलं. "उठलंस? चपला घाल. पक्कड घेऊन ये."

आम्ही ओळीने खांब बघत गेलो. अकरा खांब. गवत ओलं, साडीची किनार ओली, बोटं गार. प्रत्येक पेटी उघडली की आतून एखादा कोळी घाईने बाहेर यायचा. हे सांगायचे, मी करायची. एका तंबूतल्या गिरगावच्या आजी बाहेर येऊन बघत राहिल्या. म्हणाल्या, "बाई, तुम्ही हे शिकलात कुठे?" मला उत्तर द्यायचं होतं. अनोळखी माणसाला मी आपण होऊन उत्तर दिलं, "काल संध्याकाळी." त्या इतक्या हसल्या की धुक्यात त्यांचं हसणं बराच वेळ ऐकू येत राहिलं.

त्या दोन दिवसांतलं बाकी काय काय झालं, ते आता एकमेकांत मिसळून गेलंय. ईशाने दगडांवर रचलेले दगड. एक खंड्या, निळा, पाण्यात पडल्यासारखा झाला आणि वर निघून गेला. दुपारी तंबूत उकडायचं आणि सावलीत काकडायचं. दुसऱ्या संध्याकाळी अमोलने वायर पूर्ण उलगडून यांना दाखवली, शाळेतल्या मुलाने गृहपाठ दाखवावा तशी, आणि यांनी मान हलवली. कधी कधी मला वाटतं ते सगळं मी झोपेतच पाहिलं. पण मग माझ्या उजव्या अंगठ्यावर ब्लेडचा एक पांढरा ओरखडा आहे, तो झोपेतला नाही.

यांचा हात काही सरळ झाला नाही. अजूनही बोटं मिटलेलीच असतात. शर्टाची बटणं मी लावते. त्या सहलीआधी हे लावू देत नव्हते, गंजीवर बसायचे. चमत्कार वगैरे काही झाला नाही, आणि तो झाला असता तर मला इतकं आठवलंही नसतं. माणसं चमत्कार सांगतात, पण ते राहतात दुसऱ्यांच्या घरी. आमच्या घरी एवढंच झालं की परत आल्यावर, खाली माघी गणपतीचा मंडप पडत असताना, यांनी खिडकी उघडली आणि खाली बघून म्हणाले, "त्या पोरांनी वायर कशी टाकली हा बघ. वेटोळ्यात." मग जिना उतरून गेले. मागून मी.

आज संध्याकाळ झाली आहे. थंडी आहे, तिळाचा वास आहे गल्लीत. माघी गणपती जवळ आला. खाली बांबू उभे राहिलेत. मी हे ईशाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहीत बसलेय, तर खिडकीतून यांचा आवाज येतोय. मघाच खुर्ची घेऊन खाली गेले. मंडळाची मुलं काहीतरी घाई करतायत, एकजण म्हणतो, "वायरमनकाका, आम्ही लावतो ना, एवढंसं तर काम आहे," आणि हे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडतायत,

"कोणी हात लावू नका रे. ती येऊ दे."